टाकायची पिशवी

"मुळा कसा लागला गं?" च्यु-मेईने चौथ्या मजल्यावरून कठड्यावर वाकून विचारलं, आणि मी दुसऱ्या मजल्यावर, माझ्याच दारात, एक चप्पल पायात आणि एक हातात अशी उभी राहिले. 'कुठला मुळा?' असं अगदी दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "अगं, आईचा मुळा. काल दिला नाही का? उकळलास की अजून तसाच ठेवलायस?" आणि मी म्हणाले, "उकळला की! काल रात्रीच. ठेवते कसली?" का म्हणाले, देव जाणे. तोंडाला इतकी वर्षं सवय आहे, कोणी काही दिलं की आधी छान म्हणायचं आणि मग पाहायचं काय आहे ते. पण यावेळी पाहायला काही शिल्लकच नव्हतं. कारण बोलता बोलताच मला काल संध्याकाळचा हात आठवला. माझाच हात. त्यात दोन पिशव्या होत्या. एक रोजचीच, हलकी, च्यु-मेईच्या कचऱ्याची. दुसरी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, जड, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आणि मी त्या दोन्ही, एकापाठोपाठ एक, कचऱ्याच्या गाडीत भिरकावल्या होत्या.

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. आमच्या गल्लीत संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीवरची ती चाल वाजायला लागली, की कोणी तुमच्या हातात पिशवी दिली तर ती टाकायची असते. विचारायचं नसतं. कचरा जमिनीला टेकवायचा नाही असा इकडचा नियम आहे, म्हणून गाडी येईपर्यंत सगळी गल्ली हातात पिशव्या घेऊन कोपऱ्यावर ताटकळते. कोणाचं पोर रडतं, कोणाचा भात करपतो, कोणाचा फोन वाजतो, मग तो शेजारणीच्या हातात पिशवी कोंबतो आणि पळतो. शेजारीण टाकते. या गल्लीतल्या प्रत्येकाने प्रत्येकाचा कचरा कधी ना कधी टाकलेला आहे. च्यु-मेईचा तर तिचे गुडघे गेल्यापासून मीच टाकते. ती चौथ्यावरून तिसऱ्याच्या वळणापर्यंत उतरते, मी तिथवर चढते, ती पिशवी देते, मी घेते. काल मात्र ती बापडी दुसऱ्या मजल्यापर्यंत, माझ्या दारापर्यंत आली होती. मला वाटलं, वा, आज गुडघे बरे दिसतायत. तिने दोन्ही पिशव्या माझ्या हातात दिल्या, काही बोलली नाही, माझ्या मनगटावर जरा थोपटल्यासारखं केलं आणि भिंतीला धरून उभी राहिली. खाली चाल वाजत होती. मी धावले.

आणि आता ती वरून विचारत होती, "वास कसा होता?" मी म्हणाले, "वास? सगळा जिना घमघमला!" ती म्हणाली, "मला नाही आला चौथ्यावर." मी म्हणाले, "तुझं नाक कधी धड होतं? म्याओलीच्या डोंगरातली तू, तुला धुराशिवाय काही कळतं का?" ती हसली. हसली आणि कठड्यावरून दिसेनाशी झाली, आणि तिच्या दाराची लोखंडी जाळी ओढल्याचा आवाज आला. मी हातातली चप्पल घातली. मग लक्षात आलं की मी कुठे निघाले होते तेच विसरले आहे. तशीच परत आत आले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले.

तो मुळा म्हणजे साधा मुळा नव्हे हो. आमच्या सानचोंगच्या या गल्लीचं वय विचारायचं असेल तर त्या मुळ्याला विचारावं. ही चार मजली घरं बांधून झाली तेव्हा इथे नदीचा वारा आणि चिखल याशिवाय काही नव्हतं. पुलाच्या पलीकडे तायपे, दिवे, साहेब. अलीकडे आम्ही, दक्षिणेतून गाठोडी घेऊन आलेले. मी युनलिनच्या समुद्रकाठची, माझा नवरा शुई-मू लेथवर काम करणारा, नखांत कायम काळं तेल. च्यु-मेई हक्का जमातीची, म्हणजे काटकसरीला पक्की, डोंगरातली, नवरा छापखान्यात. पहिल्या दिवशी तिने मला तिच्या बोलीत काहीतरी विचारलं, मी माझ्या बोलीत काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघींना वाटलं समोरची भांडतेय. मग दोघींनी शाळेतली भाषा काढली, ती दोघींनाही धड येत नव्हती, म्हणून जमलं. त्याच हिवाळ्यात तिचं पहिलं बाळंतपण होतं आणि तिची आई म्याओलीहून आली. बाई काही रिकामी बसणारी नव्हती. मुलगी बाळंत व्हायच्या आधी तिने आमच्या सगळ्यांच्या सामायिक गच्चीवर चटया अंथरल्या आणि पोतंभर मुळे चिरून, मीठ चोळून वाळत घातले. गच्चीवर कोणाला कपडे टाकायला जागा उरली नाही. सगळ्या गल्लीने बोटं मोडली. बाई रोज सकाळी वर जायची, मुळे उलटायची, संध्याकाळी ते बादलीत घालून दगडाखाली दाबायची, परत दुसऱ्या दिवशी उन्हात. सुकून सुकून बोटाएवढे झाले तेव्हा ते मातीच्या बरणीत ठासून भरले, तोंडाला गवत कोंबलं, बरणी उलटी करून पाणी निथळू दिलं, आणि म्हणाली, "याला हात लावायचा नाही. पांढऱ्याचा पिवळा होऊ दे, पिवळ्याचा तपकिरी, तपकिरीचा काळा. काळा झाला की ते औषध." आम्ही सगळ्या तेव्हा पंचविशीच्याही आतल्या. काळा व्हायला किती वर्षं लागतात, असं मी विचारलं, तर बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू म्हातारी होशील ना, तेव्हा होईल." मला तेव्हा फार राग आला होता.

च्यु-मेई त्या दिवसांत तळमजल्यावर राहायची. आणि मग ते वादळ आलं. नदीला तेव्हा आजच्यासारखी उंच भिंत नव्हती. पाणी दुपारी गल्लीच्या तोंडाशी होतं, संध्याकाळी च्यु-मेईच्या उंबऱ्यावर. आमच्या सगळ्यांच्या बैठकीच्या खोल्या तेव्हा कारखाने झालेल्या होत्या. ठेकेदार खोक्यांतून नाताळच्या दिव्यांच्या माळा आणून द्यायचा आणि बायका, पोरं, आज्या बसून त्यांत बल्ब खोचायच्या. आमच्यातल्या एकीनेही जन्मात नाताळ केला नव्हता, पण जगभरच्या झाडांवर आमची बोटं लुकलुकत होती म्हणा ना. तर पाणी शिरलं तसे सगळे आपापली खोकी उचलायला धावले, खोकं भिजलं तर मजुरी बुडाली. च्यु-मेईचा नवरा टीव्ही उचलायला धावला. नवा रंगीत टीव्ही होता. तो ओरडतोय, "एक बाजू धर! अगं, एक बाजू धर!" आणि ही बया गुडघाभर पाण्यातून मुळ्याची बरणी पोटाशी धरून जिना चढतेय. माझ्या घरी आणून ठेवली. मग पोरगा आणला. टीव्ही गेला तो गेलाच. नवरा पुढे कित्येक वर्षं जेवताना म्हणायचा, "आमच्याकडे रंगीत मुळा आहे, पाहायला या." पूर ओसरला तसा च्यु-मेईने हट्ट धरला, की आता वरच राहायचं, सगळ्यात वर. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब खाली यायला एका पायावर तयार होतं, अदलाबदल झाली. ती म्हणायची, "येऊ दे आता पाणी कुठवर येतं ते." पाणी पुन्हा कधीच आलं नाही. सरकारने नदीला भिंत घातली. पण ती चौथ्यावर चढून बसली ती बसलीच, आणि सगळं आयुष्य चौथ्यावर चढ-उतार करून गुडघ्यांची वाट लागली. आणि आता त्या गुडघ्यांपायी मुलगा तिला ताइचुंगला न्यायला येत होता. लिफ्ट असलेल्या इमारतीत. येत्या रविवारी. रविवारी का, तर त्या दिवशी कचऱ्याची गाडी नसते, गल्ली मोकळी असते, सामानाचा ट्रक आत घेता येतो.

म्हणजे तिने मला तो मुळा दिला होता. जाता जाता. पुरातून वाचवलेला. आईचा. आणि तो काल संध्याकाळी इतरांच्या टरफलांबरोबर, लंगोटांबरोबर, दाबून चेपून, कचरा जाळायच्या भट्टीकडे गेला. स्टुलावर बसून मला हे नीट, एकेक करून कळलं, आणि कळल्यावर मी उठून पाणी प्याले. शुई-मू बाहेर पेपर वाचत होता. हल्ली त्याला फार कमी ऐकू येतं आणि जे येत नाही त्यालाही तो "हो हो" म्हणतो. मी म्हणाले, "मी च्यु-मेईच्या आईचा मुळा कचऱ्यात टाकला." तो म्हणाला, "हो हो, टाक." याच्याशी काय बोलणार!

सांगून टाकायचं, एवढंच करायचं होतं. वर जायचं, दोन मजले, म्हणायचं, बाई गं, असं असं झालं. पण मी 'उकळला की' म्हणून बसले होते ना! नुसतं 'टाकला' एवढंच असतं तर ती चूक होती. 'उकळला' म्हटल्यावर ते खोटं झालं. आणि चार दिवसांत जाणाऱ्या बाईला काय सांगायचं, की तू मला दिलेली शेवटची वस्तू मी पाहिलीसुद्धा नाही, आणि वर तोंड करून वासही सांगितला? त्यापेक्षा तिला जाऊ दे. सूप प्यायलं या समाधानात जाऊ दे. असं मी ठरवलं आणि मला अगदी हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं जेमतेम भाजी चिरून होईपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या भांड्यांना कागद गुंडाळून द्यायला वर गेले. तिची बैठकीची खोली ओळखू येईना. देवघर तेवढं जागेवर होतं, ते मुलगा स्वतः नेणार होता. वाट्या गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "कोंबडी कुठली घातलीस?" मी म्हणाले, "गावठी. बाजारातल्या त्या बाईकडची." ती म्हणाली, "आलं?" म्हणाले, "आलं नाही. म्हटलं, मुळ्याचा स्वाद मरायचा." ती म्हणाली, "शहाणी आहेस. आणि शुई-मू काय म्हणाला?" मी म्हणाले, "दोन वाट्या प्याला. तिसरी मागत होता, मी दिली नाही." तिने हातातल्या वाटीला कागद गुंडाळला. मग म्हणाली, "खारट नाही ना झालं?" इथे मी अडले. जुना मुळा खारट लागतो की गोड होतो? मी उभ्या जन्मात एवढा जुना मुळा खाल्लेला नाही. आमच्या समुद्रकाठी मासळी खारवतात, आणि ती कितीही जुनी झाली तरी खारटच. मी म्हणाले, "किंचित. किंचितच. पण तेच तर बरं लागतं." च्यु-मेई म्हणाली, "हं." आणि खाली मान घालून पुढची वाटी गुंडाळू लागली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. मला इतकं भरून आलं की मी पुढे होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती आणखी हलायला लागली. मी मनात म्हटलं, आ-खिम, तुझ्यासारखी दुष्ट बाई या अख्ख्या सानचोंगमध्ये नसेल.

संध्याकाळी चाल वाजली. ती चाल म्हणे कोण्या परदेशी गुणी माणसाने पियानोसाठी बांधलेली आहे. आम्हाला काय ठाऊक? आमच्या लेखी ती कचऱ्याचीच. शुई-मूच्या पुतण्याच्या लग्नात, मोठ्या हॉटेलात, एक मुलगी पियानोवर तीच वाजवायला बसली आणि आमच्या टेबलावरचे सगळे सानचोंगवाले एकदम पायाखाली पाहू लागले, पिशवी कुठे ठेवली म्हणून. तर त्या चालीवर मी खाली गेले. कोपऱ्यावर तळमजल्याचा फा-चाय होता. तो सकाळी न्याहारीचं दुकान चालवतो आणि संध्याकाळी गल्लीचं तोंड. खरकट्याची बादली पायाशी धरून उभा होता. "आ-खिम मावशी, चेहरा का असा? कोणी पळवलं काय तुम्हाला?" मी म्हणाले, "या वयात कोण पळवतंय?" तो म्हणाला, "च्यु-मेई मावशीला पळवतोय ना तिचा पोरगा. आता तुम्ही कोणाचा कचरा टाकणार?" असं बोलतो मेला. सगळे हसले. मीही हसले. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नवी राहायला आलेली पोरगी तेवढी हसली नाही. तिच्या कानात सदा ती गाणी ऐकायची बोंडं असतात, महिनाभर झाला असेल, अजून गल्लीत कोणाशी एक अक्षर बोललेली नाही. ती आपली पिशवी टाकते आणि जाते.

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी गल्लीच्या टोकाला सिमेंटचा हौद होता, कोणीही कधीही जाऊन कचरा फेकायचा, उन्हाळ्यात तिथून नाक दाबून जावं लागायचं, उंदीर मांजरांना भीत नसत. मग सरकारने हौद तोडला आणि हा नियम काढला. काय शिव्या घातल्या आम्ही! दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी कचरा पोटाशी धरून रस्त्यात उभं राहायचं? मी स्वतः म्हटलं होतं की हा नियम वर्षभर टिकणार नाही. पण दिव्यांच्या माळा तोवर बंद झाल्या होत्या, कारखाने समुद्रापलीकडे गेले, बैठकीच्या खोल्यांतून सोफे आले, जाळ्यांच्या मागे टीव्ही लागले आणि आम्ही एकमेकींना दिसेनाशा झालो होतो. त्या गाडीने पुन्हा खाली आणलं. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या पोटात गाठ निघाली, सगळं हातात पिशवी धरून कळलं. च्यु-मेईचा नवरा गेला त्या आठवड्यात ती खाली आली आणि तिनेच म्हटलं, "एवढीशी पिशवी झाली बघ आता," आणि मग सगळ्या बायका एकदम रडल्या, पिशव्या हातातच. गाडीवाला बिचारा चाल बंद करून थांबला होता. आता हे सगळं आठवून मला वाटलं, ही माझ्याशी जन्मभर खरं बोलली, आणि मी तिला मुळ्याची खोटी चव सांगतेय.

शुक्रवारी मी बाजारात गेले. एका दुकानात जुना मुळा मिळतो हे माहीत होतं. दुकानदाराने एक काळा तुकडा चिमटीने उचलून दाखवला, म्हणाला, "वीस वर्षांचा." मी म्हणाले, "चाखायला द्या." त्याने नखाएवढा दिला. जिभेवर ठेवला आणि मी तिथेच, माणसांच्या गर्दीत, भाज्यांच्या पाट्यांत उभी राहिले. खारट नव्हता. अजिबात नव्हता. गोड होता. आधी औषधाच्या दुकानासारखा वास आणि मग घशापर्यंत उतरत जाणारा गोडवा. मी तिला 'किंचित खारट' म्हणाले होते! तिने 'हं' केलं होतं. तिला माहीत होतं. म्हणजे त्याच घडीला कळलं असणार की ही खोटं बोलतेय. मग ते खांदे? माझी कानशिलं तापली. दुकानदार म्हणाला, "देऊ का?" मी म्हणाले, "नको. यातला नकोय." पिशवी न भरताच घरी आले. शुई-मूने विचारलं, "काय आणलंस?" मी म्हणाले, "अक्कल." तो म्हणाला, "हो हो, फ्रिजमध्ये ठेव."

शनिवारी शेवटची गाडी. दिवसभर माझे हात कुठेच लागेनात. संध्याकाळी चाल वाजण्याच्या बरंच आधी मी वर जायला निघाले, तर जिन्यात च्यु-मेई उतरतेय. दोन्ही हातांनी कठडा धरून, एक पाय, मग दुसरा पाय, मनगटात पिशवी. मी म्हणाले, "अगं, मी येतच होते." ती म्हणाली, "आज माझा कचरा मी टाकणार. हो बाजूला." तिच्यामागे तिच्या वेगाने मी उतरले. वाटेत सांगायचं होतं, पण तिचं सगळं लक्ष पायऱ्यांकडे. म्हटलं, आता बोलले आणि हिचा पाय चुकला तर? कोपऱ्यावर तिला पाहून सगळे पुढे आले. फा-चायने दुकानातलं स्टूल आणून दिलं, ती बसली, पिशवी मांडीवर. सगळे तिच्याशी बोलत होते, मी तिच्याशेजारी उभी. दूरवर, मोठ्या रस्त्यावर, चाल ऐकू यायला लागली. पुढच्या गल्लीत. मग आमच्या वळणावर. आणि मला एकदम वाटलं की ही गाडी आली, गेली, की संपलं. उद्या ट्रक, माणसं, तिचा मुलगा, सून, कुठे बोलणार? मी वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "च्यु-मेई, मी मुळा उकळला नाही. मी तो टाकला. गाडीत. तू दिलास आणि मी टाकला. मला कळलंच नाही गं."

ती समोर बघतच म्हणाली, "माहीत आहे."

"काय?"

"तुझ्या मजल्यावरची जिन्याची खिडकी रस्त्यावर उघडते ना? तिथूनच पाहिलं. काय फेकलास गं! हात असा गोल फिरवून. तो गाडीवालाही बघत होता."

"आणि तू वरून विचारतेस मुळा कसा लागला म्हणून!"

"मग काय विचारू? मला बघायचं होतं, ही काय करते." आता तिचे खांदे परत हलायला लागले, आणि मला दिसलं की परवाही ती रडत नव्हती. "दोन वाट्या प्याला म्हणे! तिसरी मागत होता! इतकं रंगवून सांगितलंस, मला वाटायला लागलं, मीच प्यायले की काय."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं आणि दोन्हींची लाज वाटत होती. मी म्हणाले, "मग ओरडायचं ना खिडकीतून! थांब म्हणायचं ना!"

ती पिशवीची गाठ बोटांनी चाचपत राहिली. "ओरडले असते तर खाली यावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि मग सांगावं लागलं असतं, की हा तुझ्यासाठी, मी जातेय म्हणून. ते मला जमत नव्हतं. म्हणून तर गाडीच्या वेळी दिला. म्हटलं, ही घाईत असेल, काही बोलायला लागणार नाही. तर बाई इतकी घाईत, की टाकूनच आली." तिने नाक पुसलं. "खरं सांगू? बरंच झालं. नाहीतर तू सूप पिऊन मोकळी झाली असतीस आणि मी भांडी गुंडाळत बसले असते. हे चार दिवस माझे मजेत गेले."

गाडी आली. पिवळी, दिवा फिरवत. सगळे पुढे सरकले. च्यु-मेई माझ्या दंडाला धरून उठली आणि स्वतः चार पावलं चालत गेली आणि स्वतःच्या हाताने पिशवी टाकली. गाडीवाल्याने मान हलवली. त्याला काय माहीत, त्याला वाटलं असेल, ही म्हातारी नवीन आहे. परत येताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "सगळा नव्हता दिला तुला. हक्का बाई आहे मी, सगळं देत नसते. अर्धा ठेवलाय बरणीत."

मी हात पुढे केला. खरंच केला, लाज सोडून.

तिने माझ्या हातावर चापट मारली. "या गल्लीत तुझ्या हातात काही देणार नाही. खायचा असेल तर ताइचुंगला यायचं. लिफ्ट आहे. शुई-मूलाही आण, दोन वाट्या पाजते त्याला."

रविवारी सकाळी सामानाचा ट्रक गल्लीत शिरला. देवघर तिच्या मुलाने छातीशी धरून उतरवलं, त्याच्यामागे च्यु-मेई, पोटाशी बरणी. सून म्हणाली, "आई, ती द्या, मी ट्रकमध्ये नीट ठेवते." च्यु-मेई म्हणाली, "टीव्ही सांभाळ तू." आणि बरणी मांडीवर घेऊन मुलाच्या गाडीत बसली. तिने काच खाली केली. माझ्या मनगटावर थोपटलं, तेवढंच. गाडी वळेपर्यंत मी उभी होते, आणि नवल म्हणजे मला वाईट वाटण्यापेक्षा भूक जास्त लागली होती. फा-चायने मला त्याच्या दुकानात बसवून गरम सोयाचं दूध दिलं. ते प्याले आणि वर आले.

सोमवारी संध्याकाळी चाल वाजली. मी सवयीने तिसऱ्याच्या वळणापर्यंत चढले, तिथे कोणी नव्हतं, तशीच खाली उतरले. कोपऱ्यावर माझी एकच पिशवी घेऊन उभी राहिले. दुसऱ्या हाताचं काय करावं कळेना, तो कधी कमरेवर ठेवला, कधी खिशात. गाडी वळणावर दिसली, तेवढ्यात मागून धाड धाड जिना उतरत कोणीतरी आलं. गच्चीवरची ती पोरगी. अंगात कामाचा शर्ट, खांद्यावर बॅग, बस पकडायची असावी. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता माझ्या रिकाम्या हातात पिशवी कोंबली आणि धावली.

मी पिशवी घेतली. मग तिथेच, सगळ्या गल्लीसमोर, गाडी समोर उभी असताना, मी तिची गाठ सोडली आणि वाकून आत पाहिलं. फा-चाय हसायला लागला. पोरगी वळून थांबली, कानातलं बोंड काढलं आणि म्हणाली, "आजी? काय शोधताय त्यात?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "नवीन आहेस म्हणून सांगते. यापुढे माझ्या हातात काही दिलंस, तर आधी तोंड उघडून सांगायचं. टाकायचंय, की ठेवायचंय."